साखळी-करवतीचा कार्बोरेटर आणि थंडीचे दिवस

खरीपाची मळणी आटोपली व रब्बीला पहिलें पाणी दिलें म्हणजे शेतकऱ्यास लांकूडतोडीची थोडी सवड मिळते. बांधावरील वाळलेली बाभूळ, बागेंतील जुना झालेला आंबा, काढून टाकावयाचे द्राक्षवेलींचे बुंधे, सुबाभूळ, निलगिरी, हीं सर्व कामें मार्गशीर्षापासून माघापर्यंत निघतात. पूर्वीं यासाठीं दोन असामी व एक लांब करवत लागे. आतां पुष्कळ बागाईतदारांच्या घरीं पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत आली आहे. बाजारांत तिला चेनसॉ म्हणतात. यंत्र उपयुक्त खरें, परंतु तें बिघडण्याचे प्रसंग याच थंडीच्या दिवसांत फार येतात, आणि त्यास थंडीपेक्षां मालकाच्या हातांतील पेचकस अधिक कारणीभूत असतो. म्हणून कार्बोरेटर कसा लावावा व थंडीसाठीं यंत्राची तयारी कशी करावी, याविषयीं चार गोष्टी शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. (तोडावयाचें झाड १९६४ सालच्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यांत मोडत असल्यास परवानगी आधीं घ्यावी, तो विषय येथें नाहीं.)

यंत्राचा स्वभाव

जर्मनींत आंद्रेआस श्टिल यांनीं १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी झाडतोडीची करवत तयार केली, तेव्हां तिचें वजन सुमारें ४६ किलो होतें व ती चालविण्यास दोन माणसें लागत. आजची करवत साधारण पांच-सहा किलोंची असून एक मनुष्य ती उभी, आडवी वा तिरपी धरून काम करितो. ही सोय होण्यास कार्बोरेटरांतील एक सुधारणा बरीच कारण झाली. मोटरसायकलच्या जुन्या कार्बोरेटरांत पेट्रोलची वाटी व तींत तरंगणारा गोळा असतो. यंत्र आडवें झालें कीं वाटी कलंडते. करवतीच्या कार्बोरेटरांत वाटीच्या जागीं एका पातळ लवचिक पडद्याची योजना आहे. इंजिनाच्या ओढीनें पडदा आंत खेंचला जातो, तो एक बारीक तरफ दाबतो, तरफेनें सुई उचलली जाते व लागेल तेवढेंच पेट्रोल आंत येतें. यंत्र कसेंहि धरलें तरी हें काम अडत नाहीं.

कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यांतून हवा वेगानें जातांना आपल्याबरोबर पेट्रोल ओढून नेते. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें चौदा ते पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल कमी पडलें तर मिश्रण विरळ झालें, अधिक झालें तर दाट झालें, असें या लेखांत आम्ही म्हणूं.

आतां मुख्य गोष्ट. या दोन-ठोकी इंजिनास वंगणाचें वेगळें भांडें नसतें. पेट्रोलमध्यें जें ऑइल मिसळावयाचें तेंच पिस्टनचें वंगण. सामान्य प्रमाण ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, म्हणजे एका लिटरास २० मिलिलिटर, असें असतें. तेव्हां मिश्रण विरळ झालें म्हणजे नुसतें पेट्रोल कमी झालें असें नव्हे, त्याबरोबर वंगणहि कमी झालें, आणि वर उष्णता वाढली. अशा स्थितींत पिस्टन सिलिंडरास घांसून चिकटतो, आणि दुरुस्तीचा खर्च पुष्कळदां निम्म्या यंत्राच्या किमतीस जाऊन भिडतो. मिश्रण दाट झाल्यास धूर होतो, प्लग काळा पडतो, पेट्रोल वायां जातें. पण यंत्र जिवंत राहतें. दाटपणाचें नुकसान आणे-पैंचें, विरळपणाचें नुकसान रुपयांचें, हें सूत्र पाठ असावें.

तीन स्क्रू

कार्बोरेटरच्या बाजूस तीन लहान स्क्रू असतात. ‘एल’ अक्षराजवळचा स्क्रू मंद गतीचें पेट्रोल ठरवितो, ‘एच’ अक्षराजवळचा पूर्ण वेगाचें. तिसऱ्यास ‘एलए’ किंवा ‘टी’ अशी खूण असते. त्याचा पेट्रोलशीं संबंध नाहीं. रेस सोडल्यावर हवेची झडप किती उघडी राहावी, एवढेंच तो ठरवितो. ‘एल’ व ‘एच’ घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरविल्यास पेट्रोल कमी होतें, उलट फिरविल्यास वाढतें.

‘एच’ आंवळला कीं आवाज चढतो व साखळी मोकळी असतां अधिक वेगानें फिरते. त्यामुळें शक्ति वाढली असें मालकास वाटतें. वस्तुतः ही उचल पिस्टनच्या आयुष्यांतून घेतलेली असते, व ती व्याजासह फेडावी लागते.

कांहीं यंत्रांत या स्क्रूंवर प्लॅस्टिकच्या टोप्या असून ते ठराविक अंतरापलीकडे फिरत नाहींत. त्या टोप्या उपटूं नयेत. कांहीं नव्या यंत्रांत मिश्रण विजेच्या योजनेनें आपोआप ठरतें व ‘एल’, ‘एच’ हे स्क्रूच नसतात. अशा यंत्राच्या मालकास या लेखांतील थंडीचा भाग तेवढा उपयोगी पडेल.

आधीं मूळ नोंद

महसुलाच्या दफ्तरांत वर्षें घालविल्यामुळें आम्हांस एक संवय जडली आहे. मूळ नोंद पाहिल्यावांचून फेरफार लिहावयाचा नाहीं. कार्बोरेटरासहि हाच नियम लावावा. स्क्रू फिरविण्यापूर्वीं तो हलक्या हातानें आंत नेत तळास टेकेपर्यंत किती फेरे होतात तें मोजावें, वहींत तारखेसह लिहावें, आणि तितकेच फेरे परत उघडावे. जोर मुळींच करूं नये. टोंक बारीक असतें, तें किंवा त्याची बैठक दुखावली तर पुढें कोणतीहि मांडणी टिकत नाहीं. टोप्या असलेल्या यंत्रांत टोपीची दिशा टिपून ठेवावी. मूळ नोंद हरवली असल्यास यंत्राच्या पुस्तकांतील आंकडा घ्यावा; अनेक यंत्रांत दोन्ही स्क्रू तळापासून सुमारें एक फेरा उघडे, अशी आरंभाची मांडणी असते.

स्क्रूस हात लावण्यापूर्वीं

यंत्र नीट चालत नाहीं म्हणजे कार्बोरेटरच बिघडला असें समजूं नये. पुढील गोष्टी क्रमानें पाहाव्या.

(१) हवेचा फिल्टर. भुशानें फिल्टर भरला म्हणजे हवा कमी मिळते व मिश्रण दाट होतें. मालक धूर पाहून ‘एच’ आंवळतो. आठ दिवसांनीं कोणी फिल्टर झाडतो, हवा मोकळी होते, आणि आंवळलेला स्क्रू आतां घातक ठरतो. फिल्टर स्वच्छ केल्यावरच कान द्यावा.

(२) टाकींतील पेट्रोलचा फिल्टर, नळी व टाकीचें हवेचें भोंक. यांपैकीं कांहीं तुंबलें कीं पेट्रोल अपुरें पडतें व मिश्रण विरळ होतें. टाकीचें झांकण क्षणभर सैल करतांच इंजिन सुधारलें, तर दोष हवेच्या भोंकाचा समजावा.

(३) प्लग. दोन टोंकांतील अंतर बहुतेक यंत्रांत अर्धा मिलिमीटर असतें. रंग तपकिरी असल्यास ठीक, पांढुरका असल्यास मिश्रण विरळ, काळा व तेलकट असल्यास दाट.

(४) सायलेन्सरची जाळी. काजळीनें ती बुजली म्हणजे धूर आंत कोंडतो व शक्ति जाते.

(५) साखळीची धार. करवतींतून लांकडाचे कीस न पडतां पिठासारखा भुसा पडूं लागला तर दोष धारेचा आहे. इंजिनास बोल लावूं नये.

(६) हवेची गळती. रेस सोडल्यावर वेग चटकन न उतरतां वरच लोंबकळत राहिला, किंवा यंत्र तिरपें करतांच आवाज बदलला, तर कोठून तरी जास्त हवा शिरत असण्याचा संशय घ्यावा. असें यंत्र तत्काळ बंद करून कारागिराकडे न्यावें. स्क्रू फिरवून गळती झांकूं पाहणें म्हणजे भिंतीची चीर चुन्यानें लिंपण्यासारखें आहे.

लावण्याची रीत

पट्टी व साखळी चढविलेली, ताण बरोबर, ताजें पेट्रोल व साखळीचें ऑइल भरलेलें, अशा स्थितींतच काम करावें. यंत्र जमिनीवर घट्ट टेकवावें, पट्टीचें टोंक कशासहि लागूं देऊं नये, आणि समोर माणूस उभा करूं नये. इंजिन चार-पांच मिनिटें लहानसहान लांकूड कापून गरम करावें. गार इंजिनावर केलेली मांडणी विश्वासाची नव्हे.

प्रथम ‘एल’. इंजिन मंद चालूं द्यावें व हा स्क्रू सावकाश दोन्हीकडे फिरवून ज्या ठिकाणीं वेग सर्वांत अधिक भरतो तें ठिकाण शोधावें. तेथून स्क्रू फेऱ्याच्या अष्टमांशापासून चतुर्थांशापर्यंत उघडावा. मग एकदम रेस द्यावी. इंजिन तत्काळ उचललें तर ठीक. क्षणभर गुदमरून मग उचललें, तर बहुधा मिश्रण विरळ आहे. स्क्रू आणखी किंचित् उघडावा. धूर सोडून जड आवाजानें उचललें, तर दाट आहे; किंचित् मिटावा.

नंतर ‘एच’. पूर्ण रेस एका वेळीं दोन-चार सेकंदांपेक्षां अधिक देऊं नये. साखळी मोकळी फिरत असतां आवाजांत थोडी फडफड, जणूं मधूनमधून एक ठोका चुकतो आहे, अशी ऐकूं आली पाहिजे. तीच करवत लांकडांत उतरविली म्हणजे फडफड जाऊन आवाज स्वच्छ व भरीव व्हावा, आणि वर उचलतांच फडफड पुन्हां यावी. ही उत्तम मांडणीची खूण होय. मोकळी असतांनाहि आवाज एकसारखा, शिटीसारखा तीव्र येत असेल तर मिश्रण विरळ आहे. तत्काळ रेस सोडून ‘एच’ उघडावा. लांकडांतहि फडफड जात नसेल तर दाट आहे. अगदीं थोडा मिटावा. फेरे मोजण्याचें यंत्र ज्या कारागिराजवळ असेल त्यानें पुस्तकांतील कमाल वेग ओलांडूं नये. पुष्कळ करवतींत तो मिनिटास १२,००० ते १४,००० फेऱ्यांच्या दरम्यान असतो.

शेवटीं ‘एलए’. रेस सोडली असतां इंजिन बंद पडूं नये, आणि साखळीहि फिरूं नये. स्क्रू आंत घेत साखळी हलूं लागेपर्यंत न्यावा व तेथून साधारण पाव फेरा मागें आणावा. मागें किती आणावयाचा तें पुस्तकांत निराळें दिलें असल्यास तेंच करावें. मंद गतीवर साखळी फिरत असलेलें यंत्र कामास लावूं नये. चालणाऱ्याचा पाय घसरला तर त्या फिरत्या साखळीनें मांडीचें काय होईल तें सांगावयास नको. सर्व झाल्यावर यंत्र तिरपें, आडवें धरून मंद गति टिकते कीं नाहीं तें पाहावें, व नवीन फेरे वहींत लिहावे.

थंडीनें काय होतें

आतां थंडीकडे वळूं. गार हवा दाट असते. ३० अंशांवरील हवेच्या मानानें ५ अंशांवरील हवा त्याच जागेंत सुमारें नऊ टक्के अधिक भरते. कार्बोरेटरमधून पेट्रोलहि कांहीं अधिक ओढलें जातें, परंतु हवेच्या वाढीच्या साधारण निम्म्यानेंच. म्हणजे स्क्रू जागच्या जागीं असतांहि थंडींत मिश्रण आपोआप विरळ होतें. उन्हाळ्यांत घट्ट, नेमकी लावलेली करवत जानेवारींत तशीच चालविली तर ती विरळपणाच्या बाजूस झुकलेली असते.

ज्या देशांत बर्फ पडतें तेथें हा फेर ऋतूस एकदां करून भागतें. आपल्याकडील गोष्ट निराळी आहे. निफाडच्या बाजूस डिसेंबर-जानेवारींत पारा कांहीं दिवस ५ अंशांच्याहि खालीं जातो, आणि त्याच दिवशीं दुपारीं पंचवीस-सव्वीस अंशांचें ऊन असतें. एकाच दिवसांत दोन ऋतु होतात. मग कार्बोरेटर कोणत्या वेळेस लावावा?

आमचें उत्तर स्पष्ट आहे: सकाळच्या थंडींत, इंजिन गरम करून, लावावा. सकाळीं बरोबर लावलेलें मिश्रण दुपारीं किंचित् दाट होईल. थोडा धूर, थोडी शक्ति कमी, एवढेंच. उलट दुपारच्या उन्हांत नेमकें लावलेलें मिश्रण दुसऱ्या दिवशीं पहाटे विरळ होईल, आणि दिवसाचें मोठें लांकूड तर आपण सकाळच्या गारव्यांतच कापावयास घेतों. सकाळची मांडणी दुपारीं पेट्रोल खाते, दुपारची मांडणी सकाळीं पिस्टन खाते. पेचकस हातीं घेण्याची वेळ निवडली कीं निम्में काम झालें. फाल्गुनांत ऊन तापूं लागल्यावर वही काढून मूळ आंकड्यावर परत यावें. उंचीचाहि असाच परिणाम, पण उलटा, होतो. महाबळेश्वरासारख्या सुमारें १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणीं हवा विरळ असल्यानें मिश्रण दाट होतें. तेथें लावलेलें यंत्र खालीं आणल्यावर पुन्हां लावल्याखेरीज चालवूं नये.

गळ्यांत जमणारें बर्फ

थंडीचा दुसरा विकार फसवा आहे. पेट्रोलची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता शोषून घेतें व कार्बोरेटरचा गळा बाहेरील हवेपेक्षां पुष्कळ थंड होतो. हवा दंवाची, धुक्याची असेल व उष्णमान शून्य ते दहा अंशांच्या दरम्यान असेल, तर त्या हवेंतील पाणी गळ्यांतच गोठूं शकतें. करवत सुरू होते, दहा मिनिटें बरी चालते, मग शक्ति उतरते व ती बंद पडते. मालक खोलून पाहीपर्यंत इंजिनाच्या उष्णतेनें बर्फ वितळलेलें असतें, कांहींच सांपडत नाहीं; आणि थोड्या वेळानें यंत्र पुन्हां सुरू होतें. पाणी दिलेल्या बागेंत, धुक्याच्या पहाटे हा अनुभव आल्यास स्क्रू फिरवूं नयेत. ऊन येईपर्यंत थांबणें हाच उपाय.

कांहीं यंत्रांत यासाठीं झांकणाखालीं एक सरकती पट्टी असते. तिजवर सूर्य व हिमकण अशा दोन खुणा असतात. हिमकणाकडे सरकविली म्हणजे सिलिंडरावरून तापलेली हवा कार्बोरेटराकडे येते. काहीं कारखान्यांच्या पुस्तकांत १० अंशांखालीं ही पट्टी थंडीच्या जागीं व २० अंशांवर पुन्हां उन्हाळ्याच्या जागीं आणावी असें सांगितलें आहे. आपल्याकडे याचा अर्थ असा कीं, सकाळीं सरकविलेली पट्टी दहा-अकराच्या सुमारास आठवणीनें परत आणावी. तशीच राहिली तर यंत्र तापतें. पट्टी हलविल्यावर पूर्ण वेगाचा आवाज पुन्हां एकदां ऐकावा.

पेट्रोल, पाणी आणि इथेनॉल

२०२५ सालीं देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण सुमारें २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. त्यांतील बराच भाग आपल्याच उसाचा आहे, ही समाधानाची गोष्ट. पण हाताच्या करवतीच्या मालकानें दोन गोष्टी ओळखाव्या. इथेनॉल जळण्यास हवा कमी लागते; म्हणून जुन्या पेट्रोलवर लावलेला कार्बोरेटर या पेट्रोलवर विरळ चालतो. स्क्रूचे करवतीसाठीं दहा टक्क्यांची मर्यादा घालणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. तेव्हां आपल्या यंत्राचें पुस्तक वाचावें, विक्रेत्यास विचारावें, आणि मांडणी दाट बाजूस ठेवावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल पाणी ओढून घेतें. थंड रात्रीं अर्धवट रिकाम्या टाकींत दंव धरतें. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलें कीं पाणी व इथेनॉल मिळून तळाशीं वेगळा थर होतो. पेट्रोलची नळी तळाशींच असते, आणि ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतें. म्हणजे इंजिनास वंगणाविना पाणीदार इंधन मिळतें. म्हणून मिश्रण थोडें, महिन्याभरांत संपेल इतकेंच करावें, झांकण घट्ट असलेल्या डब्यांत ठेवावें व भरण्यापूर्वीं हलवावें. रोजच्या कामांत रात्रीं टाकी भरून ठेवावी. दोन-तीन महिने काम नसेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें. कार्बोरेटरांत पेट्रोल वाळून राहिल्यास पडदा कडक होतो व पुढच्या हंगामांत सुई उठत नाहीं.

सुरू करतांना

गार इंजिनास चोक लावून दोरी ओढावी. पहिला फटका वाजतांच चोक काढावा व पुढें ओढावी. चोक तसाच ठेवून ओढीत राहिल्यास प्लग भिजतो. भिजल्यास प्लग काढून पुसावा, चोक उघडा ठेवून व बटण बंद करून दोरी पांच-सहा वेळां ओढावी, मग प्लग बसवावा. सुरू होतांच पूर्ण रेस देऊं नये. पहिलीं दोन-तीन मिनिटें सावकाश चालवावें.

साखळीचें ऑइल थंडींत घट्ट होतें व पट्टीपर्यंत पोंचत नाहीं. चालू करवतीचें टोंक एखाद्या फिकट बुंध्यासमोर वीतभर अंतरावर धरून रेस द्यावी. बुंध्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. न उमटल्यास पातळ जातीचें ऑइल घालावें.

आणि शेवटची सूचना, जी कोणत्याहि स्क्रूहून मोठी आहे. थंडी म्हणून गळ्याभोंवतीं उपरणें वा मफलर गुंडाळून, खांद्यावर शाल टाकून करवत हातीं घेऊं नये. सैल वस्त्र साखळींत गेलें तर सांवरण्यास वेळ मिळत नाहीं. अंगास बसता सदरा व कोट, पायांत जाड बूट, डोळ्यांस चष्मा, कानांस झांकण एवढें असावें.

सारांश, पेचकसाआधीं फिल्टर व धार पाहावी, फेरफाराआधीं नोंद करावी, मांडणी सकाळच्या गारव्यांत करावी, आणि शंका आल्यास स्क्रू उघडण्याकडे झुकावें, आंवळण्याकडे नव्हे. एक वही व एक स्वच्छ फिल्टर एवढ्या भांडवलावर जें यंत्र दहा वर्षें चालतें, तें उतावळ्या हातानें एका पहाटे निकामी होतें. शेतकरी बंधूंनीं या हंगामांत एवढी काळजी घेतली तर आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.